लेखणी हाती घेतलेली सेविका : फ्लॉरेन्स नाइटिंगेल

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या हातातील दिव्याचे स्मरण सर्वांना असते. लेखणीचे क्वचितच होते. १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत जन्मलेल्या या इंग्रज विदुषीला गणिताची गोडी बालपणापासूनच होती. क्रिमियन युद्धात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, ३८ परिचारिकांसह त्या तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या. तेथील मृत्यूंच्या निरनिराळ्या नोंदवह्या परस्परांशी जुळत नव्हत्या. मायदेशी परतल्यावर त्यांनी आकडे लावून दाखविले, की जखमांहून टाळता येण्याजोग्या रोगांनीच अधिक सैनिक दगावले. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांचे परिचारिका विद्यालय निघाले. त्याच वर्षी सर्व रुग्णालयांसाठी एकसारख्या नोंदतक्त्यांची योजना त्यांनी पुढे आणली. भारतात त्या कधीच आल्या नाहीत. तथापि येथील छावण्यांतून माहितीचे तक्ते मागवून त्यांनी आरोग्यसुधारणेचा पाठपुरावा केला. १३ ऑगस्ट १९१० रोजी त्यांचे देहावसान झाले.

आजही दमलेल्या परिचारिकेस नोंद म्हणजे कारकुनी वाटते. तिला बोल लावण्यापूर्वी सुटसुटीत तक्ता आणि तो भरण्यास पुरेसा अवधी द्यावा, असे आम्हांस वाटते. खाटेशी लिहिलेल्या त्या एका ओळीच्या भरवशावरच पुढील पाळीची परिचारिका रुग्णाला सांभाळीत असते.