सर जेम्स यंग सिम्प्सन

वेदनेपासून मनुष्यास सोडविण्यासाठी झटलेल्या पुरुषांत सर जेम्स यंग सिम्प्सन यांचे नाव आम्ही आदराने घेतो. स्कॉटलंडमधील बाथगेट गावी १८११ साली, पाव भाजून विकणाऱ्या एका गरीब कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरच्यांनी पोटास चिमटा घेऊन त्यांस शिकविले. चौदाव्या वर्षी ते एडिंबरो विद्यापीठात गेले, व १८४० साली तेथेच प्रसूतिशास्त्राचे अध्यापक झाले.

शस्त्रक्रियेच्या वेळचा रोग्यांचा आक्रोश त्यांस असह्य होई. ४ नोव्हेंबर १८४७ च्या रात्री त्यांनी दोन सहकाऱ्यांसह क्लोरोफॉर्म हुंगून पाहिले, आणि तिघेही बेशुद्ध पडले. प्रसूतिवेदना शमविणे ईश्वरी इच्छेविरुद्ध आहे, असा आक्षेप पुढे निघाला. तेव्हा आदामाची फासळी काढण्यापूर्वी परमेश्वराने त्यास गाढ निद्रा आणिली होती, याकडे सिम्प्सन यांनी बोट दाखविले.

परंतु १८४८ च्या जानेवारीत न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी, पायाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म देताच मरण पावली. असे मृत्यू का घडतात हे शोधण्यास हैदराबादेत १८८८ व १८८९ साली दोन मंडळे बसली. मंठ्यासह सारा मराठवाडा १९४८ पर्यंत याच निजामी राज्यात होता. हृदयाआधी श्वास थांबतो, हा त्यांचा निष्कर्ष पुढे अपुरा ठरला. हृदयही एकाएकी बंद पडू शकते, असे दिसून आले.

शिवाय काही रोगी शुद्धीवर येऊन काही दिवसांनी कावीळ होऊन दगावत. याचे मूळ यकृतात होते. तेथील सायटोक्रोम पी-४५० नावाची विकरे, म्हणजेच एन्झाइमे, परक्या रसायनास प्राणवायूची जोड देतात. त्यामुळे ते पाण्यात विरघळून मूत्रावाटे बाहेर जाणे सुलभ होते. क्लोरोफॉर्मपासून मात्र या क्रियेत फॉसजीन हे तीव्र विष उपजते. यकृतातील ग्लुटाथायोन त्यास निष्प्रभ करते. पण तो साठा सरला की पेशी मरू लागतात. उपाशी माणसात हा साठा आधीच उणा असतो.

सिम्प्सन १८७० साली निवर्तले. ही गोष्ट त्यांच्या काळी कोणासही ठाऊक नव्हती, म्हणून त्यांच्या कार्यास उणेपणा येत नाही. क्लोरोफॉर्मची जागा आता अधिक निर्धोक औषधांनी घेतली आहे. तथापि घरोघरी असणारी पॅरासिटामॉलची गोळीही अतिमात्रेत घेतल्यास यकृतातील तोच साठा संपविते. यास्तव औषधाची मात्रा वैद्याने ठरवावी, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून आपण वाढवू नये, एवढे आमच्या विद्यार्थ्यांनी व पालकांनी ध्यानी धरावे.