आइस्क्रीम आणि ओले एव्हिनरूड

टू-स्ट्रोक म्हटलं की आपल्याला स्कूटर आठवते. मला मात्र ओले एव्हिनरूड आठवतो. जन्म १८७७ चा, नॉर्वेतला. लहानपणीच घरचे अमेरिकेत गेले. सोळाव्या वर्षी हा मशीन शॉपमध्ये, म्हणजे आपण अकरावीच्या क्लासला पळायचो त्या वयात! डिग्री वगैरे काही नाही.

१९०६ च्या उन्हाळ्यात बेससाठी तलावापलीकडून आइस्क्रीम आणायला गेला, वल्हवत परत येईपर्यंत ते वितळलं, अशी गोष्ट सांगतात. १९०९ मध्ये त्याची मोटर बाजारात आली, दीड हॉर्सपॉवरची, वजन ६२ पाउंड. होडीला मागे अडकवायची मोटर त्याच्याआधीही होती, पण खपली ती याची. धंदा बेस सांभाळायची. तिची तब्येत ढासळली तेव्हा १९१४ साली त्याने चालती कंपनी विकून टाकली. मला हेच सगळ्यात भारी वाटतं. नंतर परत आला तो अ‍ॅल्युमिनियमची हलकी, दोन सिलिंडरची मोटर घेऊन. १९३३ मध्ये बेस गेली, पुढच्या वर्षी तो.

त्याच्या नावाच्या नंतरच्या टू-स्ट्रोक मोटरींना अलार्म आला. हॉर्न सलग वाजला की पाण्याची धार पडतेय का बघायचं आणि लगेच इंजिन बंद. धार नसेल तर इनटेक चोंदलाय, नाहीतर पंपाचा रबरी इम्पेलर गेलाय. धार आहे, इंजिनही गार आहे, तरी बोंब? टेंपरेचर स्विचची वायर काढा. हॉर्न थांबला तर स्विच खराब. चालूच राहिला तर वायर कुठेतरी बॉडीला टेकतेय, किंवा ऑइलची तक्रार आहे.