फोटो ब्लॅक अँड व्हाइट होते, तेव्हा या मराठी चित्रकाराने बायकांच्या लुगड्यांचे रंग टिपून ठेवले

सणवार आला की इन्स्टाग्रामवर नऊवारी, नथ आणि अंबाड्याच्या 'विंटेज लूक'ची लाट येते. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बायका रोज नेमकं काय नेसायच्या?

जुने फोटो अर्धंच उत्तर देतात. लुगडं लाल होतं की हिरवं, ते ब्लॅक अँड व्हाइटमध्ये कळत नाही. शिवाय स्टुडिओत जायचं म्हणजे ठेवणीतलं लुगडं निघायचं.

ही कसर भरून काढली महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी.

१८६७ मध्ये कोल्हापुरात जन्मलेले धुरंधर १८९० मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला आले आणि पुढे तिथेच शिक्षक झाले. १८९५ मध्ये त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. पण सामान्य माणसांपर्यंत ते पोहोचले पोस्टकार्ड, कॅलेंडर, पोस्टर आणि पुस्तकांतल्या चित्रांमधून.

राजा रविवर्मांच्या छापील चित्रांनी लक्ष्मी-सरस्वतीला साडीत घराघरांत नेलं. धुरंधरांची नजर रस्त्यावरच्या बाईकडेही होती. काष्टा किती वर खोचलाय, पदर कोणत्या खांद्यावर आहे, डोक्यावर काय आहे, यावरून बाई कुठली आणि काय काम करते ते ओळखू यायचं. कोळणीचं लुगडं गुडघ्यापर्यंत आणि घट्ट, कारण तिला टोपली घेऊन झपझप चालायचं असे.

१९२० मध्ये आयसीएस अधिकारी ऑटो रॉथफेल्ड यांचं 'विमेन ऑफ इंडिया' हे पुस्तक आलं. त्यातली रंगीत चित्रं धुरंधरांची. मुंबईची कोळीण, खोजा स्त्री, अहमदाबादची रंगारीण, निलगिरीतली तोडा स्त्री, सगळ्या आपापल्या पेहरावात.

इथेच एक गोष्ट खटकते. या बायकांना नावं नाहीत. चित्राखाली फक्त जात, धंदा किंवा गाव. इंग्रजी राजवटीला माणसांचे असे नमुने करून मांडायची सवयच होती. कपडे जपले गेले, ते घालणाऱ्या बाईचं नाव मात्र हरवलं.

धुरंधर पुढे जे. जे.चे संचालक झाले. हे पद सांभाळणारे ते पहिले भारतीय. 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे आत्मचरित्र लिहून १९४४ मध्ये ते गेले.

त्यांची चित्रं आजही सोशल मीडियावर फिरतात. पुढच्या वेळी एखादं दिसलं तर दागिन्यांआधी काष्टा बघा. ती बाई दिवसभर काय काम करायची, ते तिथे दिसेल.