कार्ल पेटर थुनबर्ग

कार्ल पेटर थुनबर्ग (११ नोव्हेंबर, १७४३ – ८ ऑगस्ट, १८२८) हे स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ, वैद्य आणि प्रवासी होते. कार्ल लिनियस यांच्या शिष्यवर्गात त्यांची गणना अग्रक्रमाने केली जाते. दक्षिण आफ्रिकेतील वनस्पतिशास्त्राचे जनक आणि जपानचे लिनियस या दोन्ही बिरुदांनी ते ओळखले जातात. शरद ऋतूत लालभडक होणाऱ्या पानांमुळे बोन्साय कलेत मानाचे स्थान मिळवलेल्या जपानी मेपलला एसर पामेटम हे शास्त्रीय नाव थुनबर्ग यांनीच दिले.

जन्म आणि शिक्षण

थुनबर्ग यांचा जन्म स्वीडनमधील यॉनशॉपिंग या गावी झाला. ते लहान असतानाच त्यांचे पितृछत्र हरपले. वयाच्या अठराव्या वर्षी, १७६१ मध्ये, त्यांनी उप्साला विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे वैद्यकाचा अभ्यास करताना त्यांना लिनियस यांचे मार्गदर्शन लाभले. त्या काळी वैद्याला औषधी वनस्पती ओळखता येणे अनिवार्य असल्यामुळे वैद्यक व वनस्पतिशास्त्र ही दोन्ही शास्त्रे एकत्रच शिकवली जात. लिनियस आपल्या निवडक विद्यार्थ्यांना दूरदेशी पाठवून तेथील वनस्पतींचे नमुने जमवीत असत. अशा मोहिमांवर गेलेले काही शिष्य परतलेच नाहीत, वाटेतच त्यांचा अंत झाला.

१७७० मध्ये पुढील शिक्षणासाठी पॅरिसला निघालेले थुनबर्ग वाटेत ॲम्स्टरडॅम येथे योहानेस बर्मन या वनस्पतिशास्त्रज्ञांकडे थांबले. जपानमधील वृक्ष आणि फुलझाडे आपल्या बागांत असावीत, अशी तेथील धनिकांची इच्छा होती. तथापि, जपानने परकीयांना आपली दारे बंद केली होती आणि युरोपीयांपैकी केवळ डचांनाच व्यापाराची मुभा होती. त्यामुळे थुनबर्ग यांनी डच ईस्ट इंडिया कंपनीत वैद्य म्हणून नोकरी धरली. जपानमध्ये डच म्हणून वावरता यावे यासाठी आधी आफ्रिकेतील डच वसाहतीत राहून ती भाषा आत्मसात करावी, असे ठरले.

दक्षिण आफ्रिकेतील वास्तव्य

एप्रिल १७७२ मध्ये थुनबर्ग केप वसाहतीत पोहोचले. पुढील तीन वर्षांत त्यांनी अंतर्भागात तीन मोठे प्रवास केले. त्यांपैकी काही प्रवासांत इंग्लंडच्या क्यू उद्यानाने पाठवलेले फ्रान्सिस मॅसन त्यांच्यासोबत होते. या काळात त्यांनी सुमारे ३,००० वनस्पतींचे नमुने गोळा केले. त्यांतील अनेक वनस्पती शास्त्राला तोवर अज्ञात होत्या. मार्च १७७५ मध्ये ते केपहून निघाले आणि जावामार्गे त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात नागासाकीच्या बंदरात दाखल झाले.

देजिमा बेटावरील दिवस

नागासाकीच्या उपसागरात भराव घालून तयार केलेले पंख्याच्या आकाराचे देजिमा हे बेट डचांना राहण्यासाठी नेमून दिलेले होते. त्याची लांबी सुमारे १२० मीटर, तर रुंदी सुमारे ७५ मीटर होती. किनाऱ्याशी जोडणाऱ्या एकमेव पुलावर पहारा असे आणि परवानगीवाचून बाहेर पाऊल टाकणे शक्य नव्हते. वखारीचे प्रमुख वैद्य म्हणून आलेल्या थुनबर्ग यांचा वनस्पती जमवण्याचा हेतू या बंदिवासात विफल होण्याची चिन्हे होती.

त्यांनी त्यावर दोन मार्ग शोधले. पहिला मार्ग गुरांच्या वैरणीचा. बेटावरील जनावरांसाठी रोज हिरवा चारा येई. त्या भाऱ्यांतून ते निरनिराळ्या वनस्पती वेचून काढीत आणि वाळवून ठेवीत. दुसरा मार्ग दुभाष्यांचा. या दुभाष्यांना पाश्चात्त्य वैद्यकाची जिज्ञासा होती. थुनबर्ग यांनी त्यांना उपदंशावरील पाऱ्याचा उपचार शिकवला. त्या मोबदल्यात दुभाष्यांकडून त्यांना वनस्पती आणि जपानविषयीची माहिती मिळू लागली. अखेर १७७६ च्या प्रारंभी नागासाकीच्या परिसरात हिंडून वनस्पती गोळा करण्याची परवानगी त्यांना प्राप्त झाली.

एदोचा प्रवास आणि कुंड्यांतील मेपल

डच वखारीच्या प्रमुखाला शोगुनच्या दरबारी नजराणा घेऊन जावे लागे. मार्च १७७६ मध्ये निघालेल्या या लवाजम्यात थुनबर्ग वैद्य म्हणून सामील झाले. प्रवास बहुतांशी पालखीतून आणि कडक देखरेखीखाली होत असे. हाकोने येथील डोंगर चढताना मात्र ते पालखीतून उतरले आणि आफ्रिकेतील डोंगरांत सरावलेल्या पायांनी भराभर पुढे गेले. सोबतच्या जपानी अधिकाऱ्यांची त्यांना गाठताना दमछाक झाली. तेवढ्या अवधीत थुनबर्ग यांनी बरेच नमुने हस्तगत केले.

एदो (आजचे टोकियो) येथे शोगुन तोकुगावा इएहारू यांच्या दरबारात डच शिष्टमंडळाची भेट झाली. तेथील मुक्कामात कात्सुरागावा होशू आणि नाकागावा जुनआन हे दोन जपानी वैद्य थुनबर्ग यांच्याकडे नियमितपणे येत. थुनबर्ग स्वदेशी परतल्यानंतरही त्यांचा परस्परांशी पत्रव्यवहार सुरू राहिला.

परतीच्या वाटेवर ओसाका येथे थुनबर्ग यांनी कुंड्यांत लावलेली अनेक झाडे विकत घेतली. त्यांत मेपलचे सुंदर प्रकार आणि सायकस यांचा समावेश होता. ही झाडे मोठ्या लाकडी पेटीत लावून बटाव्हियामार्गे ॲम्स्टरडॅमच्या वनस्पतिउद्यानाकडे पाठवण्याची व्यवस्था त्यांनी केली. मेपलची लागवड तोवर जपानमध्ये चांगलीच रुजली होती. एदोजवळील सोमेई येथील इतो इहेई या उद्यानतज्ज्ञ घराण्याने अठराव्या शतकाच्या आरंभीच मेपलच्या कितीतरी प्रकारांची सचित्र नोंद केली होती. कुंडीत वाढवलेल्या झाडांना त्या काळी हाचि-नो-कि म्हणत. त्यामुळे थुनबर्ग यांचे श्रेय हे झाड शोधून काढण्याचे नसून, त्याला जागतिक शास्त्राच्या नोंदीत स्थान देण्याचे आहे.

स्वदेशी पुनरागमन

१७७६ च्या अखेरीस थुनबर्ग यांनी जपान सोडले. जावा, श्रीलंका आणि केपमार्गे १७७८ मध्ये ते ॲम्स्टरडॅमला पोहोचले. त्याच वर्षीच्या जानेवारीत लिनियस यांचे निधन झाले होते. ज्यांच्या प्रेरणेने ही भ्रमंती झाली, त्या गुरूंना संग्रह दाखवण्याची संधी शिष्याला मिळाली नाही. १७७९ मध्ये ते स्वीडनला परतले. १७८४ मध्ये उप्साला विद्यापीठात, लिनियस यांनी एकेकाळी भूषवलेल्या प्राध्यापकपदावर त्यांची नियुक्ती झाली. मृत्यूपर्यंत ते त्या पदावर होते.

मेपलचे नामकरण

एसर पामेटम हे नाव १७८४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी थुनबर्ग यांचा फ्लोरा जॅपोनिका हा ग्रंथ लाइपझिग येथून प्रकाशित झाला. पामेटम या लॅटिन शब्दाचा अर्थ तळहातासारखा असा आहे. पानांचे पाच ते सात टोकदार विभाग पसरलेल्या बोटांप्रमाणे दिसतात, हे त्यामागचे कारण. जपानी भाषेत या झाडाला कायेदे आणि मोमिजि अशी दोन नावे आहेत. कायेदे हा शब्द बेडकाचा हात या अर्थाच्या शब्दापासून आला असल्याचे मानतात. मोमिजि या नावात मात्र पानांचे रंग पालटणे अभिप्रेत आहे. लिनियसप्रणीत पद्धतीत वर्गीकरण फुलांवरून आणि वर्णन अवयवांच्या आकारावरून होत असल्याने ऋतुमानानुसार बदलणाऱ्या रंगाला शास्त्रीय नावात स्थान मिळाले नाही.

थुनबर्ग यांचे सर्वच निर्णय पुढे टिकले नाहीत. बारीक चिरलेल्या पानांच्या मेपलला त्यांनी एसर डिसेक्टम ही स्वतंत्र जाती मानले, परंतु पुढे ती एसर पामेटममध्येच समाविष्ट झाली. त्यांनी एसर सेप्टेमलोबम हे नाव दिलेला वृक्ष मुळात मेपल नव्हताच. तो आता कॅलोपॅनॅक्स या वेगळ्या प्रजातीत गणला जातो. बोन्सायसाठी प्रसिद्ध असलेल्या झेल्कोव्हा वृक्षाला तर त्यांनी तागाच्या प्रजातीत टाकले होते. त्यांनी दिलेला सेराटा हा नावाचा उत्तरार्ध मात्र आजही कायम आहे.

बोन्साय आणि शरदातील रंग

पानझडी बोन्सायमध्ये एसर पामेटमला जी पसंती मिळते, तिचे मूळ त्याच्या पानांत आहे. दिवस लहान होऊन हवा थंडावली की पानांतील हरितद्रव्याचे विघटन होते. त्यामुळे आधीपासून असलेली पिवळी कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये दृष्टीस पडतात. लाल रंग देणारे अँथोसायनिन मात्र पानांत साठलेल्या शर्करेपासून याच काळात नव्याने तयार होते. स्वच्छ ऊन आणि गोठणबिंदूपर्यंत न उतरणाऱ्या थंड रात्री त्यास अनुकूल ठरतात. कुंडीतील माती थोडी असल्याने पाण्याची हयगय आणि कडक ऊन यांनी पानांच्या कडा करपतात. करपलेले पान रंग धरत नाही. म्हणूनच शरदातील रंगासाठी उन्हाळ्यात पाने जपणे आवश्यक असते.

ग्रंथसंपदा व अखेरचा काळ

थुनबर्ग यांचे प्रवासवर्णन १७८८ ते १७९३ या काळात चार खंडांत प्रकाशित झाले आणि त्याची अन्य युरोपीय भाषांत भाषांतरे झाली. फ्लोरा कॅपेन्सिस हा त्यांचा दक्षिण आफ्रिकेतील वनस्पतींविषयीचा प्रमुख ग्रंथ होय. त्यांनी आपला वनस्पतिसंग्रह उप्साला विद्यापीठाला अर्पण केला. ८ ऑगस्ट, १८२८ रोजी उप्सालाजवळील तूनाबर्ग येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

त्यांच्या मृत्यूनंतर दुसऱ्याच वर्षी, १८२९ मध्ये, इतो केइसुके या जपानी अभ्यासकाने फ्लोरा जॅपोनिकाच्या आधारे एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याद्वारे लिनियस यांच्या पद्धतीतील शास्त्रीय नावे जपानी वाचकांपर्यंत पोहोचली. फ्लोरा जॅपोनिकाची प्रत केइसुके यांना त्यांचे गुरू फिलिप फ्रान्झ फॉन झीबोल्ट यांच्याकडून मिळाली होती. देजिमावर वैद्य म्हणून काम केलेल्या झीबोल्ट यांनी थुनबर्ग यांचेच कार्य पुढे नेले होते.

थुनबर्ग यांच्या सन्मानार्थ एका वनस्पती प्रजातीला थुनबर्जिया हे नाव देण्यात आले. या प्रजातीतील थुनबर्जिया फ्रॅग्रन्स ही पांढऱ्या फुलांची वेल सह्याद्रीत रानोमाळ आढळते, तर निळ्या फुलांची थुनबर्जिया ग्रँडिफ्लोरा महाराष्ट्रातील बागांत मांडवावर चढवली जाते. जपानी काळा पाइन, म्हणजेच पायनस थुनबर्गी, हा बोन्सायमधील सुप्रसिद्ध वृक्षही त्यांचेच नाव धारण करतो.