चांगल्या कासेची म्हैस मुंबईला गेली की परत यायची नाही. आरे वसवणाऱ्या दारा खुरोडींची गोष्ट

मुंबई : म्हैस विकायला काढली की व्यापारी आधी कासेला हात घालतो. चारही सड सारखे आहेत का, कास मऊ आहे का, धार काढल्यावर ती रिकामी होऊन लोंबते का, पोटाखालची दुधाची शीर ठसठशीत आहे का, एवढं बघून भाव ठरतो. मुंबईत तबेल्यांचा जोर होता तेव्हाही असंच होतं. फक्त त्या काळी सगळ्यात चांगल्या कासेची म्हैस मुंबईला जायची आणि गावाकडं तिचं तोंड पुन्हा दिसायचं नाही. या व्यवहाराला हात घालणारा माणूस म्हणजे दारा नसरवानजी खुरोडी.

खुरोडी यांचा जन्म 2 जानेवारी 1906 रोजी पारशी घरात झाला. सुरुवातीला खासगी आणि सरकारी अशा दोन्ही ठिकाणी त्यांनी दुधाच्या धंद्यातच नोकऱ्या केल्या. पुढे ते मुंबई सरकारचे दूध आयुक्त झाले.

तेव्हा मुंबईत माणसांच्या वस्तीतच म्हशी बांधलेल्या असायच्या. गिरगावातली गायवाडी आज नावालाच उरली आहे, पण नाव काही उगीच पडत नाही. अपुरी जागा, शेणामुताचा चिखल, बाहेरून आणलेलं महागडं वैरण. परळला 1886 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय होतं, जनावरांचा दवाखाना होता. पण आजारावर औषध मिळतं, हिशेबावर मिळत नाही.

तबेलेवाल्याचा हिशेब साधा होता. गुजरात, पंजाबकडची ताजी व्यालेली म्हैस आणायची आणि वेत संपेपर्यंत पिळायची. पारडू दुधाला वाटेकरी, म्हणून ते उपाशी मरायचं. पारडू गेलं की म्हैस पान्हा चोरते, मग फुक्याचा अघोरी प्रकार चालायचा. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात फुक्याला स्पष्ट गुन्हा ठरवलं आहे. म्हैस आटली की तिला शहरात भाकड पोसायची, रेडा दाखवायचा, गाभण राहिली की पुढच्या वेतापर्यंत थांबायचं, हे परवडायचं नाही. त्यापेक्षा ती खाटकाला देऊन नवी आणणं स्वस्त. एखाद्या सडाला दगडी झाली तर निकाल आणखी लवकर लागायचा.

यात तबेलेवाल्याचं नुकसान नव्हतं, नुकसान गावाचं होतं. जी म्हैस सगळ्यात जास्त दूध देणारी, जिची कास सगळ्यात चांगली, तीच निवडून शहरात जायची आणि तिचं रक्त तिथंच संपायचं. गावात तिची रेडी नाही, रेडा नाही. मागं राहायची ती व्यापाऱ्यानं नाकारलेली म्हैस, आणि वंश तिच्यापासून वाढायचा. शेतकरी बियाण्याला चांगलं कणीस राखून ठेवतो. इथं चांगलं कणीस आधी विकलं जात होतं.

खुरोडी यांनी म्हशी शहराबाहेर हलवण्याचं काम अंगावर घेतलं. गोरेगावजवळ 1949 मध्ये आरे दूध वसाहत उभी राहिली. सुमारे 1,287 हेक्टर जमीन, 32 तबेले, 16 हजारांच्या आसपास जनावरं. म्हशी मालकांच्याच राहिल्या. गोठा आणि पाणी सरकारचं, दूधही सरकार घेणार. 4 मार्च 1951 रोजी पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालं. मग पहाटे गिरगाव, लालबाग, दादरच्या चाळींतली माणसं कार्ड घेऊन आरेच्या केंद्रापुढं रांगेत दिसू लागली. पाश्चराइज केलेलं दूध काचेच्या बाटलीत मिळू लागलं.

दुधाचं टोनिंग हीही त्यांचीच कल्पना. म्हशीच्या दुधात फॅट सातच्या आसपास. त्यात पाणी आणि मलईविरहित दुधाची पावडर घालून फॅट तीनवर आणायचं, साडेआठ एसएनएफ राखायचं. एका लिटरचं दोन लिटरच्या वर होतं आणि गिरणी कामगाराला परवडतं. पाणी घातलं म्हणून गवळ्याला शिव्या घालणाऱ्या मुंबईनं हे सरकारी पाणी मात्र आनंदानं प्यायलं, कारण त्यात कस राखलेला होता.

पावडर परदेशातून यायची आणि तिथंच वाद झाला. हिवाळ्यात म्हशी भरपूर दूध देतात. तेव्हा आमचं सगळं दूध मुंबईनं घ्यावं, असा आणंदच्या शेतकऱ्यांचा आग्रह. वर्गीस कुरियन आणि खुरोडी यांचं यावरून बिनसलं, ते कायमचंच. शेवटी आणंदनं 1955 मध्ये स्वतःचा पावडर कारखाना काढला. शेतकऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर इथं कुरियन बरोबर होते. गंमत अशी की 1963 चा मॅगसेसे पुरस्कार खुरोडी, कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल या तिघांना मिळून मिळाला. 1964 मध्ये खुरोडी यांना पद्मभूषणही मिळालं.

आरेमुळं मुंबईला स्वच्छ दूध मिळालं, जनावराला कोरडी जागा मिळाली. कोरड्या जागेनं कास वाचते, हे गोठ्यात वावरणाऱ्याला सांगायला नको. वंशाचा प्रश्न मात्र सुटला नाही, कारण म्हैस विकत आणण्याचा हिशेब बदलला नव्हता. कासेची ठेवण आईबापाकडून बऱ्यापैकी उतरते. दगडी होण्यात वंशाचा वाटा थोडा असतो, गोठ्याचा आणि धार काढणाऱ्या हाताचा मोठा. शिवाय गाईंमध्ये जास्त दुधाच्या रक्ताबरोबर दगडीचा धोकाही थोडा वाढतो. त्यामुळं नुसतं दूध बघून निवड केली तर फसगत होते, आजारांच्या नोंदी पिढ्यानपिढ्या ठेवाव्या लागतात. नॉर्वेनं 1970 च्या दशकात तशा नोंदी देशभर सुरू केल्या आणि वळू निवडताना कासेचा आजारही मोजायला घेतला. जिथं म्हैस एका वेतापुरती आणि पारडू जगतच नाही, तिथं नोंद ठेवायची कुणाची?

खुरोडी 1 जानेवारी 1983 रोजी वारले. दुसऱ्या दिवशी त्यांना 77 वर्षं पूर्ण झाली असती. आरेत तबेले अजून आहेत, आणि बाजारात म्हशीचा भाव अजून कासेला हात लावूनच ठरतो.