बोलण्याआधीचे गोखले

वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस वसलेल्या एव्हरशाईन सिटीतून रोज सकाळी मुंबईकडे जाणाऱ्यांत नोकरदारांचा आणि विद्यार्थ्यांचा भरणा मोठा आहे. आपल्या कष्टांना फळ का येत नाही, याचे उत्तर हा वर्ग अलीकडे आपल्या बोलण्यात शोधू लागला आहे. चारचौघांत उभे राहता येत नाही, साहेबांपुढे शब्द फुटत नाही, म्हणून आपण मागे पडतो, अशी त्याची समजूत. आणि ती सर्वस्वी चुकीची आहे असेही नाही. शेजारच्या एका विद्यार्थ्याने परवा व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गातील आपली वही आणून दाखविली. नजर कोठे ठेवावी, हात कसे हलवावेत, आवाज केव्हा चढवावा, हे सारे तीत टिपलेले होते. बोललेले चुकीचे ठरले तर काय करावे, याविषयी मात्र एक ओळही नव्हती. वही मिटताना गोपाळ कृष्ण गोखले यांची आठवण झाली.

९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे जन्मलेल्या या मुलाचे वडील तो तेरा वर्षांचा असताना वारले. थोरल्या भावाने शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले आठ रुपये तो दरमहा धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठवू लागला. या आठ रुपयांची जाणीव गोखल्यांना जन्मभर राहिली. १८८४ मध्ये ते एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले आणि पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून लागले. पुढे फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र असे जो विषय वाट्याला येईल तो शिकविला. अंकगणितावरचे त्यांचे पाठ्यपुस्तक तर अनेक पिढ्यांच्या हाती होते. ते उपजत वक्ते नव्हते. इंग्रजी गद्याचे उतारेच्या उतारे पाठ करून त्यांनी भाषा कमावली.

त्यांची खरी घडण झाली ती न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली. सार्वजनिक सभेचे त्रैमासिक सांभाळताना सरकारी अहवाल वाचायचे, आकडे ताडून पाहायचे, मग अर्जाचा मसुदा करायचा आणि तो रानड्यांपुढे ठेवायचा, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. मसुदा दुरुस्त होऊन परत येई. पुन्हा लिहावा लागे. आपले लिखाण दुसऱ्याने खोडले की आपणांपैकी बहुतेकांना राग येतो. गोखल्यांनी मात्र ही खोडाखोड हीच आपली शाळा मानली.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग १८९७ चा. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते लंडनला गेले होते. वयाच्या एकतिसाव्या वर्षी त्यांनी कसलेल्या अधिकाऱ्यांच्या उलटतपासणीला तोंड दिले आणि नाव मिळविले. याच सुमारास पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी घरोघर शिरणाऱ्या सोल्जरांच्या वर्तनाने लोक संतापले होते. पुण्याहून आलेल्या खाजगी पत्रांच्या आधारे गोखल्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’ या पत्रातून जाहीर केले की, सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले आणि त्यांतील एकीने आत्महत्या केली. मोठी खळबळ उडाली. सरकारने पुरावा मागितला. गोखले जुलैअखेर मुंबईस उतरले, तो रँडच्या खुनामुळे वातावरण पेटलेले आणि टिळक राजद्रोहाच्या आरोपाखाली अटकेत. पत्रे लिहिणाऱ्या मित्रांपैकी कोणीही पुराव्यानिशी पुढे येण्यास तयार नव्हता.

अशा वेळी मार्ग दोन होते. मित्रांची नावे सांगून मोकळे व्हायचे, किंवा मौन धरून लोकांच्या टाळ्या टिकवायच्या. गोखल्यांनी तिसरा मार्ग धरला. नावे त्यांनी सांगितली नाहीत. सिद्ध न होणारा आरोप मात्र ऑगस्टच्या प्रारंभी वृत्तपत्रांतून बिनशर्त मागे घेतला आणि गव्हर्नरांपासून सोल्जरांपर्यंत सर्वांची क्षमा मागितली. आमच्या मते ते माफीपत्र जरूरीपेक्षा अधिक नमते होते. आरोप मागे घेणे हे कर्तव्यच होते, पण सोल्जरांच्या वाट्याला एवढी नम्रता देण्याचे कारण नव्हते. तपासणीच्या काळात लोकांना जो जाच झाला, तो काही खोटा नव्हता. लोकांनी त्यांना भित्रे म्हटले. त्याच वर्षीच्या अमरावती काँग्रेसमध्येही त्यांच्याविषयीची नाराजी लपली नाही. गोखल्यांना हे लागले, फार खोल लागले. तरी त्यांनी समर्थनाची व्याख्याने दिली नाहीत. पुढच्या वर्षी पुण्यात प्लेग आला तेव्हा ते स्वयंसेवक म्हणून रोग्यांच्या कामाला लागले.

यापुढचे गोखले आधार तपासल्याविना शब्द न उच्चारणारे आहेत. मार्च १९०२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. खजिन्यातील शिल्लक ही प्रजेच्या भरभराटीची खूण नसून तिच्यावर लादलेल्या जादा करांची आहे, हे त्यांनी सरकारचेच आकडे मांडून दाखविले आणि मिठावरील कर कमी करण्याची मागणी केली. पुढच्याच वर्षी तो कमी झाला. १९११ मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले; मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. हरणार हे त्यांना ठाऊक होते, तरी त्यांच्या तयारीत उणेपणा नव्हता. बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा देशात प्रत्यक्ष लागू झाला तो १ एप्रिल २०१० रोजी.

त्याच १९१२ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत गेले. तेथील मंत्र्यांची भेट ठरली, तेव्हा आदल्या रात्री उशिरापर्यंत जागून त्यांनी गांधींकडून एकेक बाब समजून घेतली. इंग्रजीवर एवढे प्रभुत्व असलेल्या या माणसाला गांधींनी तेथील हिंदी लोकांसमोर मराठीत बोलण्याचा आग्रह केला; आपण हिंदुस्थानीत भाषांतर करू, असे सांगितले. गांधींच्या हिंदुस्थानीची थोडी थट्टा करून गोखल्यांनी ते मानले आणि परतीच्या वाटेवर झांजिबारपर्यंत ते आपल्या लोकांशी मराठीतच बोलले.

१९१५ च्या जानेवारीत गांधी मायदेशी परतले. गोखल्यांनी त्यांच्याकडून वचन घेतले की, वर्षभर देश पाहावा, लोकांचे ऐकावे आणि राजकीय प्रश्नांवर जाहीरपणे काही बोलू नये. १९ फेब्रुवारीस गोखले पुण्यात वारले. वय एकोणपन्नासही पुरे नव्हते. शांतिनिकेतनात ही बातमी कळताच गांधी पुण्यास निघाले. वचन घेणारा आता उरला नव्हता. गांधींनी वर्ष पुरे केले.