रानगव्हाचा शोधक आरोन आरोनसोन

झिख्रोन याकोव येथील आरोनसोन कुटुंबाचे घर आपल्यापैकी पुष्कळांनी सहलीच्या निमित्ताने पाहिले असेल. तेथे नीली या गुप्त संघटनेची हकीकत सांगतात व सारा आरोनसोनचे नाव घेताना सर्वांचे डोळे पाणावतात. परंतु तिचा वडील बंधू आरोन हा मूळचा शेतीशास्त्रज्ञ, आणि त्याची खरी कमाई एक गव्हाची ओंबी आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून आज आम्ही तीच बाजू वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आरोनचा जन्म सन १८७६ मध्ये रुमानियात झाला. तो सहा वर्षांचा असताना आईबाप देशात आले व झिख्रोन याकोव वसविणाऱ्यांत सामील झाले. मुलगा हुशार पाहून बॅरन रॉथशिल्ड यांनी त्याला फ्रान्समध्ये ग्रिन्यों येथे शेतकी शिकावयास पाठविले. परतल्यावर तो देशभर वनस्पती गोळा करीत हिंडू लागला.

जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांना त्या काळी एक कोडे पडले होते. हर्मोन डोंगराच्या बाजूने सन १८५५ मध्ये नेलेल्या नमुन्यांत रानटी गव्हासारखे काहीतरी आढळले होते, पण जिवंत झाड कोणी पाहिले नव्हते. त्यांनी आरोनला शोध घेण्यास सांगितले. जून १९०६ मध्ये रोश पिना येथे, खडकाच्या फटीत, ते एकुलते एक झाड त्याला दिसले. पुढे हर्मोनच्या उतारावर तर ते विपुल सापडले.

या गव्हाची ओंबी पिकताच आपोआप तुटून विखुरते आणि दाण्याला टरफल घट्ट चिकटलेले असते. आपला खपली गहू आठवा! खपली हा त्याचाच माणसाळलेला वंशज, आणि ज्याचा जाड रवा निघतो तो बन्सी गहूही त्याच घराण्यातला. तिघांतही गुणसूत्रे २८, म्हणून संकर सहज होतो. अशा संकरातून कोरड्या, हलक्या जमिनीत तग धरणारा गहू निपजेल, असे आरोनचे मत होते.

अमेरिकेतील यहुदी दात्यांच्या मदतीने त्याने सन १९१० मध्ये अतलित येथे प्रयोगशेत काढले. पाच वर्षांनी टोळधाड आली, तेव्हा तुर्की सेनापती जमाल पाशाने निवारणाचे काम त्याच्याकडेच सोपविले. त्या कामात तुर्कांचा कारभार त्याने जवळून पाहिला व इंग्रजांना बातम्या पुरविण्याचे ठरविले. ऑक्टोबर १९१७ मध्ये सारा पकडली गेली. छळ सोसूनही तिने नावे सांगितली नाहीत व स्वतःवर गोळी झाडून घेतली. आरोन तेव्हा देशाबाहेर होता. ज्या माणसाने आयुष्यभर झाडे जपली, त्याला घरचे माणूस मात्र वाचविता आले नाही.

१५ मे १९१९ रोजी लंडनहून पॅरिसला जाताना त्याचे विमान इंग्लिश खाडीत कोसळले. वयाची ४३ वर्षेही पुरी नव्हती. देह सापडलाच नाही.

आता तांबेऱ्याविषयी. ही बुरशी वाऱ्याने पसरते, पाने-देठ गंजल्यासारखे करते आणि दाणा सुकवते. एकाच जातीचा गहू सगळीकडे पेरला की बुरशीचा नवा प्रकार उद्भवून सर्व पीक एकदम बसते. रानगवहू व तांबेरा मात्र याच डोंगरांत हजारो वर्षे शेजारी नांदले. जी झाडे टिकली त्यांच्या अंगी तऱ्हेतऱ्हेचा प्रतिकार मुरला. खपलीलाही त्याचा वाटा मिळाला आहे. अमेरिकेत सन १९२२ मध्ये काळ्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी जे बारा गहू निवडले, त्यांत खपली याच नावाने तो होता, याचा आम्हांस विशेष आनंद वाटतो.

पुढे सन १९८० नंतरच्या दशकात इस्राएली शास्त्रज्ञांना रानगव्हात पिवळ्या तांबेऱ्याला रोखणारे एक जनुक आढळले. ‘वायआर १५’ हे त्याचे नाव. ते बुरशीच्या एकदोन नव्हे तर बहुतेक प्रकारांना दाद देत नाही. सन २०१८ मध्ये हैफा विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह ते नेमके वेगळे काढून दाखविले. संकराने ते आता बन्सीसारख्या गव्हात आणि नेहमीच्या पावाच्या गव्हातही उतरविता येते.